मोठ्या सिस्टर, पुडक्यात नऊच होते

ती. मोठ्या सिस्टर यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात सगळे तुम्हाला मोठ्या सिस्टर म्हणायचे, अगदी डॉक्टरसाहेबसुद्धा. मी तेव्हा अकरा वर्षांचा. नाव विचारायची अक्कल नव्हती आणि हिंमतही नव्हती. पुढे विचारायला आलो तेव्हा तुमची बदली होऊन बराच काळ गेला होता. म्हणून हे पत्र असं सगळ्यांच्या देखत लिहितो आहे. तुम्ही वाचाल, नाहीतर तुमच्या नात्यातलं कुणी वाचेल, नाहीतर तुमच्या हाताखाली शिकलेली एखादी सिस्टर वाचता वाचता थांबेल आणि म्हणेल, अगं, या तर आमच्या बाई.

तुम्ही मला ‘सात नंबरचा पोरगा’ म्हणायचात. सात नंबरच्या खाटेवर माझी आई होती.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. खरं तर १९७३ चा उन्हाळा तोंडावर आला होता. आई-वडील दोघं पाझर तलावाच्या कामावर जात. वडील खोदायचे, आई मातीची घमेली वाहायची. मस्टरवर नाव, दुपारी सुकडी, रात्री लाल मिलोची भाकरी. आईच्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. असल्या दुखण्याबद्दल बायका बोलत नसत, तीही वर्षभर बोलली नव्हती. एक दिवस घमेलं उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. दोन दिवस ओकाऱ्या, पोट टम्म फुगलेलं. शेवटी मुकादमाने मातीच्या ट्रकमध्ये पोतं अंथरून तिला तालुक्याला आणलं. मी ट्रकच्या फाळक्याला धरून उभा होतो.

त्या दुखण्याचं नाव मला दहा वर्षांनी कळलं. फिमोरल हर्निया. मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या शेजारी एक अरुंद फट असते. तिच्यातून आतड्याचं वेटोळं बाहेर सरकतं आणि अडकतं. फट इतकी अरुंद की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतडं आधी निळं, मग काळं पडतं. ते वेळेत सोडवलं नाही, काळं पडलेलं कापून उरलेली टोकं जोडली नाहीत, तर माणूस हाती लागत नाही. आईचं वीतभर आतडं काळं पडलं होतं, हे तुम्हीच नंतर वडिलांना सांगितलंत.

संध्याकाळी तिला आत नेलं. मी बाहेरच्या व्हरांड्यात बसलो होतो. दाराच्या फटीतून गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता. थोड्या वेळाने लाईट गेली. व्हरांड्यात खिळ्याला पेटता कंदील टांगलेला होता. मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. कंदील उचलून मी दाराकडे धावलो. तेवढ्यात दार उघडून तुम्ही बाहेर आलात, तोंडाला फडकं, आणि इतक्या जोरात ओरडलात की माझे पाय जागच्या जागी थिजले. “कंदील नको! मागे हो, मागे! ड्रायव्हरकडून बॅटरी आण!”

मी पळालो. जीपच्या ड्रायव्हरची चार सेलची बॅटरी घेऊन आलो. तुम्ही ती घेतलीत आणि दार लावून घेतलंत.

दुसऱ्या दिवशी मी रुसलेला होतो. मदत करायला गेलो आणि ओरडा खाल्ला, असं माझं म्हणणं. तुम्ही मला बाकावर बसवलंत आणि ईथरची गोष्ट सांगितलीत. आईच्या नाकातोंडावर जाळीचा मुखवटा, त्यावर कापडाचा पदर, त्यावर थेंब थेंब ईथर. त्याची वाफ दिसत नाही, पण हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते, जमिनीवरून पाण्यासारखी वाहत दाराच्या फटीतून बाहेर येते. ठिणगी मिळाली की भडकते. “तू कंदील खाली ठेवला असतास ना, तर तुझी आई, साहेब आणि मी, तिघंही गेलो असतो,” असं तुम्ही म्हणालात. आवाजात राग नव्हता. शाळेत मास्तरांनी मला पुष्कळ शिकवलं होतं, पण न दिसणाऱ्या गोष्टीचा रस्ता असा कुणी जमिनीवर बोटाने रेघ ओढून दाखवला नव्हता. मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते कधी, असं मला आयुष्यभर लोकांनी विचारलं. त्या रेघेपाशी ठरवलं, सिस्टर.

अमेरिकेत बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनी लोकांसमोर ईथरची भूल देऊन दाखवली होती. सव्वाशे वर्षांनी आमच्या तालुक्यात आईला दिलेली भूल जवळपास तीच होती. तेव्हा नाडीवर बोट आणि नखांचा रंग, एवढंच काय ते यंत्र. रात्री दर थोड्या वेळाने तुम्ही बॅटरीच्या उजेडात आईची नखं बघायचात, तेव्हा मला त्याचं कोडं पडायचं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी रक्तातला प्राणवायू कातडीबाहेरून, नाडीच्या ठोक्यांवरून मोजायची युक्ती मांडली. आज प्रत्येक पेशंटच्या बोटाला लावतो तो चिमटा तिथून आला. चिमट्याचा टूं टूं आवाज जरा खाली उतरला की आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम पाठ फिरवलेली असली तरी वळून बघतात. मला मात्र अजूनही नखं बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ती सवय तुमची आहे.

आता पुडक्याची गोष्ट. ही सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

आई तेरा दिवस दवाखान्यात होती. वडिलांना मस्टर बुडवून चालणार नव्हतं, म्हणून सोबतीला मी. दिवसभर व्हरांड्यात हुंदडायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही मला हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावलेत आणि गॉजचं ठाण समोर ठेवलंत. कापायचं तुम्ही, घड्या घालायच्या मी. कापलेली कड आत गेली पाहिजे. बाहेर राहिली तर दोरे सुटतात आणि जखमेत राहतात. दहा घड्यांचं एक पुडकं, मग ते ड्रममध्ये, ड्रम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये. शेजारी दोरीवर धुतलेले रबरी हातमोजे कपड्यांसारखे वाळत घातलेले असायचे. तुम्ही एकेक मोजा फुगवून पाण्यात बुडवायचात. बुडबुडा आला की भोक, मग त्याला ठिगळ, मग पावडर. सुया दगडावर घासायच्या, काचेच्या पिचकाऱ्या उकळायच्या. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना पेशव्यांच्या काळातलं वाटतं.

दुपारपर्यंत मी चाळीसेक पुडकी केली होती. छाती फुगली होती. तुम्ही एकेक उचलून नुसत्या अंगठ्याने कडा मोजत गेलात. मध्येच एक बाजूला ठेवलंत. “यात नऊ आहेत.”

मी म्हटलं, “एकच तर कमी आहे.”

तुम्ही ते पुडकं माझ्या हातात दिलंत. म्हणालात, “उद्या पोट शिवताना मी मोजीन. माझ्याकडे नऊ भरतील. मला वाटेल दहावा पोटात राहिला. साहेब पुन्हा पोट उघडतील, नसलेला तुकडा शोधत बसतील, तोवर बाई दगावेल. नाहीतर उलटं. तू अकरा घातलेस, मी दहा मोजून घेतले, आणि अकरावा खरंच आत राहिला. मग?”

माझ्याकडे ‘मग’चं उत्तर नव्हतं. तुम्ही त्या एका पुडक्यासाठी सगळी चाळीस पुडकी सोडली आणि मला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलंत. संध्याकाळ झाली. तुम्हीही जागच्या उठला नाहीत.

तुमच्या हातांबद्दल थोडं लिहितो. ते भेगाळलेले होते, सोड्याने आणि जंतुनाशकाने सोललेले. मेडिकलला गेल्यावर कॅरोलाइन हॅम्प्टन यांची हकीकत वाचली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम हाल्स्टेड यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या त्या सिस्टर. पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने त्यांचे हात असे फुटायचे की काम सोडायची वेळ आली. हाल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीला सांगून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. हे १८८९-९० च्या सुमाराचं. पेशंटला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून मोजे वापरायचे, हे सर्जनांना नंतर उमगलं. आधी ते एका सिस्टरच्या सोललेल्या हातांसाठी आले. वर्गात हे ऐकताना बाकीची मुलं हसली, कारण पुढे त्या दोघांनी लग्न केलं. मला दोरीवर वाळत घातलेले मोजे दिसले.

आज थिएटरमधली प्रत्येक वस्तू बदलली आहे. मी शिकत होतो तेव्हा आठवड्याच्या यादीत पोटातल्या अल्सरची ऑपरेशन्स हमखास असायची. जठराकडे जाणाऱ्या नसा कापायच्या, जठराला आतड्याची नवी वाट जोडून द्यायची. त्यात हात बसावा म्हणून आम्ही रात्री जागवल्या. मग आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सर एका जिवाणूमुळे होतात. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन बघितला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि तोवर आमचं ते कष्टाने कमावलेलं ऑपरेशन जवळपास नामशेष झालं होतं. सर्जनने याचं वाईट वाटून घ्यावं का? मला तर ही आमच्या काळातली सगळ्यात आनंदाची बातमी वाटते. त्या गोळ्या घेऊन शेतावर गेलेला माणूस आम्हाला कधी भेटलाच नाही, आणि ते फार बरं झालं.

पित्ताशयाचं सांगतो. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढलं. त्यानंतर शंभर वर्षं रीत तीच, बरगडीखाली वीतभर काप. माझ्या शिकण्याच्या काळात पेशंट आठवडाभर खाटेवर, खोकला आला की पोट दाबून धरायचा. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी लहान छिद्रातून दुर्बिणीने ते काढलं. त्यांच्याच लोकांनी त्यांना आधी वेड्यात काढलं. आपल्याकडे मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये हे ऑपरेशन केलं. त्याआधी १९७२ पासून ते दुर्बिणीने पोटात नुसतं बघून निदान करत होते. म्हणजे माझी आई घमेलं वाहत होती त्या वर्षी मुंबईत एक सर्जन बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात डोकावत होता. हे कळलं तेव्हा मी किती वेळ गप्प बसलो होतो, तुम्हाला काय सांगू.

मी ते शिकलो तेव्हा तिशी ओलांडली होती. खोक्याला भोकं पाडून, आत द्राक्षं ठेवून, लांब चिमट्यांनी त्यांची सालं सोलत बसायचो. हात उजवीकडे नेला की पडद्यावरचं टोक डावीकडे जातं, हे मनात मुरायला महिने लागले. पण पहिल्या पेशंटच्या वेळी आत छोटासा गॉजचा तुकडा सोडला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “सिस्टर, एक आत गेला, लिहा.” बाहेर काढला तेव्हा, “एक आला.” तिथे नवीन काहीच नव्हतं.

आणि हर्निया. आईच्या वेळी नुसते टाके घालून फट बंद केली होती. पुढे जाळी बसवायची पद्धत रूढ झाली. ताण न देता जाळी शिवायची, शरीर तिच्यातून स्वतःचं धाग्यांचं जाळं विणतं. पण तयार जाळी महाग. घमेलं वाहणाऱ्याला ती परवडायची कशी? धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी औषध न लावलेल्या साध्या मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केले. विकतच्या जाळीच्या तुलनेत खर्च नगण्य. युगांडात स्वीडिश आणि तिथल्या डॉक्टरांनी अशा स्वस्त जाळीची महाग जाळीशी रीतसर तुलना केली. तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. वर्षभरात हर्निया परत होण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला या प्रगतीचा ऑपरेशन करणाऱ्या यंत्रमानवाच्या हातांपेक्षा जास्त अभिमान आहे. ती आपल्या खानदेशातल्या गावातून निघाली, आणि ती माझ्या आईसारख्यांच्या पोटासाठी होती.

आता एक कबुली. स्वतंत्र काम करायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. रात्री दोनचा सुमार, अपघाताची केस, प्लीहा फुटलेली, पोटभर रक्त. मी प्लीहा काढली, रक्त थांबलं, पण पेशंटचा रक्तदाब काही वर येईना. भूलतज्ज्ञ म्हणाले, आटपा. मी शिवायला सुई मागितली. थिएटरमध्ये नवीन लागलेली सिस्टर होती, जेमतेम बाविशीची. म्हणाली, “सर, एक मॉप कमी आहे.” मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचा गॉजचा जाड तुकडा. मी तिच्यावर खेकसलो. तू आधीच चुकीचा मोजला असशील, म्हटलं. तिने पुन्हा मोजले. डोळ्यांत पाणी, पण आवाज तोच. “सर, एक कमी आहे.” आणि तिने सुई पुढे केली नाही.

मला नऊचं पुडकं आठवलं. मी हात पुन्हा आत घातला. डावीकडे वर, श्वासपटलाच्या घुमटाखाली, रक्ताने भिजून गुठळीसारखा झालेला मॉप हाताला लागला. नजरेला तो दिसलाच नसता. तीन मिनिटं लागली असतील. पेशंट वाचला. तो तरुण आज दोन मुलांचा बाप आहे आणि त्याला यातलं काही माहीत नाही. मी सकाळी सगळ्या स्टाफसमोर त्या मुलीची माफी मागितली. ती का ठाम राहिली, असं विचारलं तर म्हणाली, “आमच्या ट्यूटर सांगायच्या, डॉक्टर ओरडले तरी आकडा बदलत नाही.” तिच्या ट्यूटर तुम्ही होता का? मी तिला गाव विचारलं, वर्ष विचारलं, काही जुळलं नाही.

नंतर जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी एकोणीस बाबींची एक यादी काढली. पेशंट कोण, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, हत्यारं आणि गॉज मोजले का, हे सगळं मोठ्याने विचारायचं आणि मोठ्यानेच उत्तर द्यायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ च्या जानेवारीत आकडे छापून आले. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही, नुसतं मोठ्याने विचारणं. आमच्याकडे ती यादी भिंतीवर लावताना काही तरुण सर्जन कुरकुरले, पोरखेळ वाटतो म्हणाले. मी त्यांना व्हरांड्यातल्या चाळीस पुडक्यांची गोष्ट सांगितली. त्यानंतर प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात मी गॉजच्या घड्या घालायला बसवत आलो. आता सगळं तयार, पाकिटबंद येतं, एक्स-रेमध्ये दिसणारा धागा विणलेलं. तरी बसवतो.

गेल्या महिन्यात मी शेवटचं ऑपरेशन केलं. हर्नियाच होता, ऊसतोड करणाऱ्या बाईचा. मुद्दाम निवडला नव्हता, यादीत आला. हात अजून थरथरत नाहीत, पण थरथरायच्या आधी थांबावं असं ठरवलं होतं. शेवटचा टाका घालण्याआधी विचारलं, “सिस्टर, काउंट?”

“काउंट करेक्ट, सर.”

त्या रात्री घरी आल्यावर कपाटातली गोधडी काढली. आईला सुट्टी मिळाली त्या दिवशी तिने तुमचे पाय धरले होते आणि तुम्ही तिला खांद्याला धरून उठवलं होतं. ती म्हणाली होती, “बाई, तुमच्यासाठी गोधडी शिवून आणते.” तुम्ही म्हणालात, वर्षभर जड उचलू नको, तीच माझी गोधडी. तिने जड उचललं नाही आणि गोधडीही शिवली. लग्नातलं हिरवं लुगडं फाडून वरचा थर केला. पाऊस पडल्यावर वडील ती घेऊन तालुक्याला गेले तर तुमची बदली झाली होती. कुठे, ते कुणाला नीट सांगता आलं नाही. आई त्यानंतर अडतीस वर्षं जगली. गोधडी तिने कुणाला पांघरू दिली नाही. दर दिवाळीला उन्हात घालायची आणि मला विचारायची, “बाईंचा पत्ता लागला का रं?”

धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली आहे. कडा आत घेऊन घडी घातली आहे. पत्ता कळवा, मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
सात नंबरचा पोरगा